लाल पदरावरचे मोर

बेंगळुरूच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी आमच्याकडे पैठणी विणायला टाकली होती. अडीच महिन्यांनी साडी हातात पडल्यावर त्यांनी फोन केला आणि अगदी शांतपणे इंग्रजीत विचारलं, “मोर लाल असणार होते ना?” भाऊजींनी काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. वर्णन मी लिहिलं होतं, तेव्हा निस्तरायचंही मीच होतं.

माझ्या धाकट्या दिरांचे येवल्यात चार माग आहेत. बँकेतून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याच सुमाराला त्यांनी ऑर्डरवर विणायच्या साड्यांची यादी ऑनलाइन टाकायचं ठरवलं. “वहिनी, तुमचं इंग्रजी चांगलं आहे, वर्णनं तेवढी लिहून द्या.” माझं इंग्रजी चांगलं म्हणजे काय, तर बँकेच्या पत्रातलं. आपलं पत्र मिळालं, त्या संदर्भात कळवते की, इथून सुरू होणारं. त्यात नामं भरपूर, विशेषणं जवळजवळ नाहीतच. ‘ओव्हरड्यू’ आणि ‘अबव्ह-मेन्शन्ड’ या दोन विशेषणांवर सत्तावीस वर्षं नोकरी झाली. साडीचं वर्णन हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे नाम एकच, साडी, आणि बाकी सगळी विशेषणंच.

यादीतलं तीन नंबरचं वर्णन असं होतं: ‘अ ग्रीन सिल्क सारी विथ पीकॉक्स ऑन द पदर इन रेड’. माझ्या डोळ्यांसमोर हिरवी साडी, लाल पदर आणि त्या पदरावर जरीचे मोर. बाईंच्या डोळ्यांसमोर हिरवी साडी, हिरवाच पदर आणि त्यावर लाल मोर. सोबतचं चित्र पेन्सिलीचं, काळं-पांढरं, त्यामुळे ते कुणाच्याच बाजूने बोलेना. वाक्य मी दहा वेळा वाचलं. चूक सापडेना. मग न्यू जर्सीला असलेल्या भाचीला, म्हणजे नणंदेच्या मुलीला, पाठवलं. तिचा निरोप आला: “मामी, इन रेड कोणाला लागतंय? पदराला की मोराला? मला विचारशील तर मोराला.”

मला आधी रागच आला. मग मी तेच मराठीत लिहून बघितलं: ‘लाल पदरावर जरीचे मोर असलेली हिरवी रेशमी साडी’. यात शंकेला जागाच नाही. साडी सगळ्यात शेवटी येते, तोवर जे जे सांगायचं ते सगळं तिच्या पुढ्यात ओवायचं. आणि बहुतेक शब्दांना शेपट्या. ‘असलेली’ म्हटलं की कळतं, हे मोरांबद्दल नाही, नाहीतर ‘असलेले’ झालं असतं. ‘हिरवी’ साडीला. पदर हिरवा असता तर ‘हिरव्या पदरावर’ झालं असतं. शेपटी नाही ती ‘लाल’ला आणि ‘रेशमी’ला. लाल साडी, लाल काठ, लाल मोर, लाल पदरावर. हा शब्द कुणापुढे वाकत नाही. पण तो पदराला चिकटून बसलाय, म्हणून निभावतं.

इंग्रजीत तर सगळीच विशेषणं ‘लाल’सारखी. ‘रेड’ला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. कोण कुणाचं हे फक्त कोण कुणाशेजारी उभं आहे यावरून ओळखायचं. शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकले, पण ही गोष्ट इतक्या उघडपणे कुणी सांगितली नाही. (आता 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या मुलांना सांगतात का, कोण जाणे.)

बाईंचा अ‍ॅडव्हान्स भाऊजींनी परत केला. साडी कपाटात गेली. आणि मी एक दोनशे पानी वही घेतली, प्रत्येक जोडपानावर डावीकडे ‘आधी’ आणि उजवीकडे ‘नंतर’ असं लिहिलं. कारण भाचीचा पहिला धडा तोच होता: नामाच्या आधी काय जाणार आणि नंतर काय, ते पहिल्यांदा ठरव. मराठीत हा प्रश्नच पडत नाही. सगळं आधीच जातं.

डाव्या पानावर एकेकटे शब्द गेले: ग्रीन, सिल्क, हँडवोव्हन. उजव्या पानावर शब्दांचे गट, ज्यांच्या तोंडाशी एखादा चिल्लर शब्द असतो: विथ अ रेड पदर, ऑन द बॉर्डर, फॉर अ ब्राइड. या विथ, ऑन, इन, ऑफ, फॉरवाल्यांचा एकच नियम, ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या अंगाला अंग लावून बसायचं. मध्ये दुसरं नाम आलं की वर्णन त्याच्या घरात शिरतं. माझं ‘इन रेड’ वाक्याच्या टोकाला एकटंच लोंबकळत होतं. त्याच्या आधी पदर होता, पदराच्या आधी मोर होते, त्याच्याही आधी साडी होती. तिघांतलं कुणीही त्याला उचलून न्यावं. लाल पदर म्हणायचा तर सरळ ‘अ रेड पदर’ म्हणावं, एवढंच होतं ते. ‘ऑन द पदर इन रेड’ लिहिताना मला ते भारदस्त वाटलं होतं.

डाव्या पानावरही भांडण निघालं. मी लिहिलं होतं, ‘सिल्क ग्रीन ब्यूटिफुल सारी’. भाचीने उलटं करून पाठवलं: ‘ब्यूटिफुल ग्रीन सिल्क सारी’. का, तर इंग्रजीत या शब्दांची रांग ठरलेली असते. आधी आपलं मत, मग आकारमान, मग वय, मग आकार, मग रंग, मग कुठलं, मग कशाचं, आणि शेवटी कशासाठी. ज्यांची ती भाषा आहे त्यांना म्हणे ही रांग पाठ करावी लागत नाही, कानाला लागलेली असते. मी म्हटलं, आपल्याकडे असलं काही नाही. “नाही कसं? रेशमी हिरवी सुंदर साडी असं तू कधी म्हणशील का?” मी म्हणून पाहिलं. नाही म्हणणार. सुंदर हिरवी रेशमी साडी असंच तोंडात येतं. पण म्हणून आपली रांग त्यांच्यासारखीच, असंही नाही. घरातला हंडा आठवला. आपण ‘तांब्याचा मोठा हंडा’ म्हणतो. इंग्रजीत ‘बिग कॉपर पॉट’, तांबं हंड्याला चिकटलेलं. ‘चा-ची-चे’ लागलं की शब्द आपल्याकडे रांग मोडून पुढे जातो. ‘रेशमी’ साडीजवळ बसते, ‘रेशमाची’ म्हटली की दाराशी जाऊन उभी राहिली तरी चालतं. पन्नास वर्षं बोलतेय, पण हे असं कधी बघितलंच नव्हतं.

सहावारीचा घोळ मात्र लवकर सुटला. मी ‘सिक्स यार्ड्स सारी’ लिहीत होते. सहा वार म्हणजे अनेकवचन, मग ‘एस’ नको का? नको. नामाच्या आधी बसलेलं माप एकवचनात जातं आणि मध्ये छोटी रेघ: ‘सिक्स-यार्ड सारी’, ‘टू-इंच बॉर्डर’. साडी मात्र ‘सिक्स यार्ड्स लाँग’ असते, तिथे माप नामाच्या मागे गेलं की ‘एस’ परत येतो. आपलीही सहावारी, नऊवारी, पाचमजली, तीनचाकी तशीच एकजीव होतात, त्यामुळे हे पटकन पटलं. आणि वार म्हणजे यार्डच की. कापड मीटरवर विकायला लागून कित्येक वर्षं झाली, पण साडीने वार सोडला नाही.

त्या छोट्या रेघेची किंमत पुढे आणखी कळली. ‘हिरव्या काठाची साडी’ मी ‘ग्रीन बॉर्डर सारी’ अशी लिहीत होते. हिरवं काय, काठ की साडी? आपल्याकडे ‘हिरव्या’ आणि ‘हिरवी’ यात निकाल लागतो. तिकडे रेघ मारायची, ‘ग्रीन-बॉर्डर सारी’, नाहीतर सरळ उजव्या पानावर जायचं, ‘अ सारी विथ अ ग्रीन बॉर्डर’. मी बहुतेक वेळा उजव्या पानावर जाते. रेघ मोबाइलवर वाचताना कुणाच्या नजरेत येत नाही, असा माझा संशय आहे.

सगळ्यात मजा, आणि सगळ्यात फसगत, नामाला नाम जोडण्यात झाली. आपण नामाचं विशेषण करताना त्याला काहीतरी लावतो. पोपटाचा पोपटी, डाळिंबाचा डाळिंबी, कोल्हापूरची कोल्हापुरी. इंग्रजीत नाम तसंच उचलून दुसऱ्या नामापुढे ठेवतात: पॅरट ग्रीन, पीकॉक ब्लू, सिल्क सारी. आपल्याकडेही हे अगदीच नाही असं नाही, साखर कारखाना घ्या, कापड दुकान घ्या. पण या जोडीत दोघांचं नातं काय ते कुणी सांगत नाही, वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. हेअर ऑइल केसांसाठी असतं आणि कोकोनट ऑइल नारळापासून. साडीच्या बाबतीत ‘पीकॉक पदर’ ठीक, मोर कुठे आहेत हे चित्रावरूनही कळतं. पण ‘बांगडी मोर’? पैठणीवरची ही नक्षी म्हणजे बांगडीसारख्या गोलात बसलेला मोर. मी मोठ्या उत्साहाने ‘बँगल पीकॉक’ लिहिलं. भाचीने विचारलं, “बांगड्या घातलेला मोर?” शेवटी ते उजव्या पानावर गेलं: ‘पीकॉक्स सेट इनसाइड अ बँगल-लाइक रिंग’. मराठीत दोन शब्द, इंग्रजीत सहा, पण मोराच्या हातातल्या बांगड्या उतरल्या.

मोरांनी आणखी एकदा छळलं. आमच्या मागावरच्या काकांचे मोर असे उठतात की बघणारा म्हणतो, जिवंत आहेत. मी लिहिलं, ‘अलाइव्ह पीकॉक्स’. तर ‘अलाइव्ह’ म्हणे नामाच्या आधी येतच नाही. ‘द पीकॉक इज अलाइव्ह’ चालतं, ‘अलाइव्ह पीकॉक’ चालत नाही. ‘अस्लीप’चंही तेच, बाळ ‘अस्लीप’ असतं, पण झोपलेलं बाळ ‘स्लीपिंग बेबी’. शाळेत अधिविशेषण आणि विधिविशेषण घोकलं होतं, चांगला मुलगा आणि मुलगा चांगला आहे, पण मराठीत तोच शब्द दोन्हीकडे बिनबोभाट फिरतो, त्यामुळे ते घोकणं फुकट वाटायचं. आता उपयोग झाला. मी म्हटलं, मग ‘लाइव्ह पीकॉक्स’ लिहू? “लिही की. वनखात्याची धाड आली की मला कळव.”

सोन्याचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ‘सोनेरी जर’ मी बिनधास्त ‘गोल्ड जरी’ लिहीत होते. एका गिऱ्हाइकाने विचारलं, यात सोनं किती ग्रॅम? जुन्या पैठणीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असायचा, हे ऐकलेली माणसं असा प्रश्न विचारणारच. आमची जर सुरतेहून येते, रेशीम बेंगळुरूकडचं, आणि खरी जरच हवी असेल तर तसं आधी सांगावं लागतं, भाव वेगळा असतो. इंग्रजीत ‘गोल्ड’ म्हटलं की वस्तू सोन्याची, ‘गोल्डन’ म्हटलं की सोन्यासारखी. नेहमीच नाही, कारण ‘गोल्ड’ हे नुसत्या रंगाचं नावही आहे, आणि तिथेच तर फसायला होतं. मी सगळीकडे ‘गोल्ड-कलर्ड’ केलं. भाऊजींना ते आवडलं नाही. “कलर्ड म्हटलं की नकली वाटतं.” मी म्हटलं, “भाऊजी, नकली वाटलेलं परवडेल, खरं वाटलेलं नाही परवडणार.” त्यावर ते दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

‘प्युअर’लाही अशीच एक चाळण लावावी लागली. ‘प्युअर हँडलूम सिल्क सारी’ यात शुद्ध काय आहे, हातमाग की रेशीम? ‘हँडलूम प्युअर सिल्क सारी’ केल्यावर शुद्धता रेशमाजवळ गेली. दोन शब्दांची अदलाबदल, पण रेशमाची हमी आपण देऊ शकतो, शुद्ध हातमाग म्हणजे काय हे मलाच सांगता येणार नाही.

आता नेसलेली. फोटो काढायला भाऊजींनी ओळखीतल्या एका मुलीला साडी नेसवून उभं केलं. फोटोखाली लिहायचं होतं, पैठणी नेसलेली मुलगी. मी ‘नेसलेली’चं तिसरं रूप काढलं, वोर्न, आणि लिहिलं: ‘अ पैठणी वोर्न गर्ल’. भाचीने हसण्याच्या सहा बाहुल्या पाठवल्या. ‘वोर्न’ म्हणजे नेसली गेलेली, वर जुनी झालेली, विटलेलीसुद्धा. बिचारी मुलगी! आपली ‘-लेली’ दोन्हीकडे जाते: आजीने नेसलेली साडी आणि साडी नेसलेली आजी. एकीत साडीवर काम झालंय, दुसरीत आजीने काम केलंय, शब्द तोच. इंग्रजीत दोघी वेगळ्या दारांनी येतात: ‘द सारी वोर्न बाय माय ग्रँडमदर’ आणि ‘माय ग्रँडमदर वेअरिंग द सारी’. ‘इंटरेस्टेड’ आणि ‘इंटरेस्टिंग’ यात माझी आयुष्यभर जी ओढाताण झाली तिचं मूळ इथे होतं. वाटलं, हे चाळीस वर्षांपूर्वी कुणी आजी आणि साडी समोर ठेवून सांगायला हवं होतं.

याच खात्यातली एक गोष्ट मला फार आवडली. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेतला की साडी हलवली की रंग बदलतो, तिला आपण धूपछाव म्हणतो. इंग्रजीत तिला ‘शॉट सिल्क’ म्हणतात. ‘शूट’चं तिसरं रूप विशेषण होऊन बसलंय. मी काकांना सांगितलं, तिकडे हिला गोळी मारलेलं रेशीम म्हणतात. काका आडव्या धाग्याचा धोटा न थांबवता म्हणाले, “धोटा सुटतो तो गोळीसारखाच.”

पुढची चूक काकांना सांगायची लाज वाटली. मी लिहिलं होतं, ‘वोव्हन बाय हँड फॉर फोर मंथ्स, यू विल लव्ह धिस सारी’. म्हणजे चार महिने हाताने विणल्या गेल्यावर तुम्हाला ही साडी आवडेल. गिऱ्हाइकालाच मागावर चढवलं होतं मी. सुरुवातीला लटकवलेलं असं वर्णन स्वल्पविरामानंतर जे पहिलं नाम येईल त्याला जाऊन चिकटतं. तिथे साडी हवी. ‘वोव्हन बाय हँड, धिस सारी टेक्स फोर मंथ्स’ असं केलं.

आणि मग विणकरांची ओळख. ‘अवर वीव्हर्स, हू लर्न्ट द क्राफ्ट फ्रॉम देअर फादर्स,’ असं मी छान दोन स्वल्पविरामांत बसवलं होतं. भाची म्हणाली, स्वल्पविराम घातलेस म्हणजे तुमचे सगळेच विणकर बापाकडून शिकले असं होतं. काढलेस तर जे बापाकडून शिकले तेवढेच. मग मी मागांवर जाऊन विचारलं. वर्षानुवर्षं ज्यांना बघत होते त्यांना, पहिल्यांदाच. तिघे वडिलांकडून शिकलेले. चौथ्या मागावरची ताई लग्नानंतर प्रशिक्षण वर्गात शिकलेली, तिच्या माहेरी शेती. “माझ्या वडलांना सुईत दोरा ओवता येत नव्हता,” ती म्हणाली. स्वल्पविराम काढले. पण तेवढ्याने ती त्या ओळीत येईना, उलट बाहेरच राहिली. म्हणून तिची ओळ वेगळी लिहिली. ती तिने मुलाकडून वाचून घेतली आणि ‘हर’ म्हणजे मीच ना, याची दोनदा खात्री करून घेतली.

हे सगळं जमायला सात-आठ महिने गेले. काही जमलं नाही. अबोली रंगाला इंग्रजीत माझ्या मनासारखं विशेषण मिळालं नाही, म्हणून तो शब्द तसाच ठेवून पुढे स्वल्पविराम देऊन फुलाची ओळख करून दिली, केसात माळायचं नारिंगी-गुलाबी फूल म्हणून. पिवळीधमक साडीला भाचीने ‘ब्राइट यलो’ सुचवलं. ते वाचताना साडी दोनदा धुतल्यासारखी वाटते. लालचुटुक, हिरवागार, पांढराशुभ्र, काळाकुट्ट; यांतल्या शुभ्राला त्यांच्याकडे बर्फ आहे आणि काळ्याला डांबर, पण धमकला काही नाही. मी ‘ब्राइट’च ठेवलं, दुसरं करणार काय!

तीन नंबरचं वर्णन सगळ्यात शेवटी नव्याने लिहिलं: ‘अ ग्रीन हँडवोव्हन सिल्क सारी विथ अ रेड पदर दॅट कॅरीज ट्वेल्व्ह पीकॉक्स इन गोल्ड-कलर्ड जरी’. भाचीला पाठवलं. तिने एकही खूण न करता परत पाठवलं, फक्त खाली विचारलं, “पण मामी, ती साडी गेली ना?”

गेली होती. दिवाळीच्या आधी कोपरगावच्या एक बाई सुनेला घेऊन दुकानात आल्या होत्या. मी वही घेऊन गल्ल्यापाशीच बसले होते. बाईंनी साडी मांडीवर घेतली, पदर उलगडला, मोरांवरून बोट फिरवलं. मग पदर उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात मागची बाजू धरून, ती पुढच्यासारखीच आहे की नाही, ते बराच वेळ पाहत राहिल्या. मग सुनेकडे बघून म्हणाल्या, “हीच घे.”